एक चौकोन म्हणजे एक गुंठा : उपग्रहाच्या डेटातून लोणार पाहायला शिकताना

२५ मे २०२० रोजी लँडसॅट-८ हा उपग्रह बुलढाणा जिल्ह्यावरून गेला तेव्हा लोणार सरोवराचं पाणी नेहमीसारखं हिरवट होतं. सोळा दिवसांनी, १० जूनला, तोच उपग्रह त्याच वाटेने परत आला तेव्हा पाणी गुलाबी झालेलं होतं. नासाने ही दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून प्रसिद्ध केली आणि लोणारची चर्चा जगभर झाली.

त्या चर्चेत एक गोष्ट मागे राहिली. ती दोन्ही चित्रं कोणालाही फुकट मिळतात. लोणारच्या शाळेतल्या शिक्षकांना, मेहकरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला, गावातल्या शेतकऱ्याला, कोणालाही. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला. २००८ मध्ये अमेरिकेने या मालिकेचा सगळा साठा जगाला मोफत खुला केला. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह त्याहून बारीक चित्रं देतात, तीही मोफत. आपल्या परिसरातलं पाणी, झाडी, वणवे, पूर यांच्यावर नजर ठेवायला लागणारी कितीतरी माहिती अशी उघड्यावर पडून आहे. ती वापरणारे हात मात्र महाराष्ट्रात फार थोडे आहेत, आणि याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा लेख.

उपग्रह नेमकं काय मोजतो?

उपग्रह फोटो काढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो उजेड मोजतो. सूर्याचा उजेड जमिनीवर पडतो, त्यातला काही परत फिरून वर जातो आणि उपग्रहावरचं उपकरण तो पकडतं. जमिनीचे लहान-लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून किती उजेड परतला याचा एक आकडा लिहिला जातो. या चौकोनालाच पिक्सेल म्हणतात. पडद्यावर जे चित्र दिसतं ते या आकड्यांना रंग देऊन तयार केलेलं असतं. मूळ वस्तू म्हणजे आकड्यांचा तक्ता.

सेंटिनेल-२ च्या निळ्या, हिरव्या, लाल आणि जवळच्या अवरक्त (इन्फ्रारेड) उजेडाच्या पट्ट्यांमध्ये हा चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला याहून सोयीचं माप मिळणार नाही: एक चौकोन, एक गुंठा. चाळीस चौकोन म्हणजे जवळपास एक एकर.

हे माप हाताशी ठेवलं की कुठला उपग्रह कशाला उपयोगी ते आपलं आपल्याला कळायला लागतं. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. मोडिस नावाचं उपकरण नासाच्या टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवर आहे. त्याचा सर्वांत बारीक चौकोन २५० मीटरचा, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकरांचा. लोणारच्या पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर. सेंटिनेल-२ च्या चित्रात या पाण्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सुमारे १२० चौकोन बसतात, लँडसॅटच्या चित्रात ४०, आणि मोडिसच्या चित्रात जेमतेम ५. काठ किती मागे सरकला हे पाहायचं असेल तर मोडिस निरुपयोगी. पण मोडिस रोज येतो, आणि सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी. बारीक पाहणारा उपग्रह उशिरा येतो आणि रोज येणारा ढोबळ पाहतो. ही देवाणघेवाण या विषयात पदोपदी भेटते.

डोळ्यांना न दिसणारा उजेड

सेंटिनेल-२ उजेडाचे १३ पट्टे वेगवेगळे मोजतो. त्यातले तीन-चारच आपल्या डोळ्यांना दिसणारे आहेत. खरी कमाई बाकीच्यांमध्ये आहे, त्यातही जवळच्या अवरक्त पट्ट्यात. हिरवं, निरोगी पान लाल उजेड खाऊन टाकतं, कारण प्रकाशसंश्लेषणाला तो लागतो. अवरक्त उजेड मात्र ते मोठ्या प्रमाणात परतवून लावतं. पाणी याच्या उलट वागतं. अवरक्त उजेड ते जवळपास सगळा गिळून टाकतं.

या एवढ्याशा फरकावर दोन फार उपयोगी गणितं उभी आहेत. पहिलं एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. अवरक्त पट्ट्याच्या आकड्यातून लालचा आकडा वजा करायचा आणि आलेल्या उत्तराला त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा, भरगच्च झाडीच्या एका चौकोनात अवरक्त ०.४० आणि लाल ०.०५ आला. वजाबाकी ०.३५, बेरीज ०.४५, उत्तर ०.७८. नांगरून पडलेल्या काळ्या रानात अवरक्त ०.२० आणि लाल ०.१५ आला, तर उत्तर ०.१४. स्वच्छ पाण्यात उत्तर शून्याच्या खाली जातं. दुसरं गणित एनडीडब्ल्यूआय, ते पाण्यासाठी. त्यात हिरव्या पट्ट्यातून अवरक्त वजा करून बेरजेने भागतात. शून्याच्या वर गेलेला चौकोन बहुधा पाण्याचा.

‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, आणि त्याचं कारण लोणारातच सापडतं. हे पाणी खारं तर आहेच, शिवाय अल्कधर्मीही आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. अशा पाण्यात नील-हरित शेवाळ जोमाने वाढतं. शेवाळाचा दाट थर पृष्ठभागावर आला की तो पानासारखाच वागतो, लाल खातो आणि अवरक्त परतवतो. मग सरोवराच्या ऐन पाण्यात एनडीव्हीआय वर चढतो आणि एनडीडब्ल्यूआय म्हणतो की इथे पाणी नाही. कधी काठावर न गेलेला माणूस याचा अर्थ ‘पाणी आटून तिथे झाडी वाढली’ असा लावू शकतो. विवराच्या उंच कडांची हिवाळ्यातली सावली हा दुसरा सापळा. सावलीतल्या चौकोनातून उजेडच कमी परततो, त्यामुळे तो पाण्यासारखा काळपट दिसतो.

निर्देशांक हा प्रत्यक्ष पुरावा नव्हे, ती खूण आहे. म्हणूनच पहिल्यांदा हात घालणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला असतो की आपण पायी फिरलेली जागा निवडा. ॲमेझॉनचं जंगल किंवा आर्क्टिकचा बर्फ नंतर बघू. आपल्या गावच्या पाझर तलावाचं चित्र पाहताना काठावरची बाभळीची रांग कुठे आहे, कुठला बांध फुटला होता, कुठल्या बाजूला जलपर्णी साचते हे आपल्याला आधीच माहीत असतं. चित्र चुकीचं वाचलं तर ते लगेच खटकतं. परक्या जागेवर ते खटकणारच नाही.

सुरुवात कशी करायची

सुरुवातीला काहीही डाउनलोड करू नका. सेंटिनेल-२ च्या एका दृश्याची फाइल कित्येक शे मेगाबाइटची असते आणि ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. उत्साहाने फाइल उतरवून तिथेच थांबलेले लोक मी पाहिले आहेत. कोपर्निकस ब्राउझर हे युरोपचं मोफत संकेतस्थळ साध्या लॅपटॉपवर चालतं. ईमेल देऊन खातं काढता येतं. शोधपेटीत लोणार टाकायचं, सेंटिनेल-२ निवडायचा, त्यात ‘एल-२-ए’ हा स्तर घ्यायचा, ढगांची मर्यादा दहा-वीस टक्क्यांवर आणायची आणि तारीख निवडायची. चित्र समोर येतं. तिथेच एका टिचकीत खऱ्या रंगांवरून एनडीव्हीआयवर जाता येतं. पाण्याभोवती रेघ ओढली की क्षेत्रफळ मिळतं. वेगवेगळ्या तारखांची चित्रं जोडून हलती चित्रफीतही बनवता येते.

‘एल-२-ए’ म्हणजे काय हे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण सुरुवातीचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. उपग्रहाकडून आलेली माहिती पायरीपायरीने साफ होते. पहिल्या स्तरावर, म्हणजे ‘एल-१’ वर, उजेड वातावरणाच्या माथ्यावर मोजलेला असतो. जमिनीवरून वर जाताना हवेतली धूळ, धूर आणि बाष्प त्यात भर घालतात, घटही करतात. दुसऱ्या स्तरावर या हवेचा परिणाम हिशेबाने काढून टाकलेला असतो आणि उरतो तो जमिनीचा उजेड. दोन तारखांची तुलना करायची असेल तर दुसराच स्तर घ्यावा. नाहीतर हवेतल्या धुरकटपणातला फरक आपण झाडीतला फरक म्हणून मोजून बसू. तिसऱ्या स्तरावर अनेक दिवसांची माहिती एकत्र करून जाळीत बसवलेली असते. चौथ्या स्तरावर त्यात संगणकीय प्रारूपांची भर पडते.

तुलना करताना महिनाही सारखा ठेवायचा. मे महिन्यातल्या लोणारची ऑक्टोबरमधल्या लोणारशी तुलना केली तर फक्त पावसाळा होऊन गेल्याचं कळेल. मे २०१८ शेजारी मे २०२३ ठेवला तर काही बोलता येतं.

पुढे फाइल उतरवून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काम करायला लागलात की आणखी दोन-तीन खाचखळगे भेटतात. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलींमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता आधीच्या वर्षांच्या, १००० न मिळवलेल्या जुन्या फाइलींशी तुलना केली तर २०२२ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रातली हिरवाई एकदम घटल्यासारखी दिसेल. लँडसॅट-७ ची मे २००३ नंतरची चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी फाटलेली दिसतात, कारण त्याच्या उपकरणातला एक भाग तेव्हा बिघडला. त्या काळासाठी लँडसॅट-५ घ्यावा. आणि ७८ अंश रेखांश महाराष्ट्रातूनच जातो. त्याच्या पश्चिमेला यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीचा ४३ वा विभाग, पूर्वेला ४४ वा. लोणार, अमरावती ४३ मध्ये आणि वर्धा, नागपूर ४४ मध्ये. विदर्भाचा नकाशा जोडताना दोन तुकडे एकमेकांवर बसत नसले तर आधी हे तपासा.

पावसाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर हा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा काळ, आणि नेमके तेव्हाच ढग आड येतात. उजेड मोजणारा उपग्रह ढगाचा फक्त माथा पाहतो. इथे सेंटिनेल-१ उपयोगी पडतो. हा रडारचा उपग्रह आहे. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. ढग आणि रात्र यांची त्याला अडचण नाही. शांत, सपाट पाण्यावर पडलेली लहर पुढच्या बाजूला निसटून जाते, उपग्रहाकडे फार थोडी परतते, म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर-सांगली वेढलं गेलं. अशा वेळी पाणी कुठवर पसरलं हे वरून पाहायचं तर रडारशिवाय गत्यंतर नसतं.

रडारचं चित्र वाचायला मात्र डोळ्याला सवय लागते. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की तेच पाणी उजळ दिसतं. डांबरी धावपट्टी कोरडी असूनही काळी दिसते. सेंटिनेल-१ च्या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने उंच, दाट उसाखाली साचलेलं पाणी त्याच्या नजरेतून सुटू शकतं. कृष्णाकाठच्या पुराचा नकाशा करणाऱ्याने हे विसरून चालणार नाही, कारण तिथे शिवारच्या शिवार उसाचं आहे. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या इस्रो-नासाच्या उपग्रहाकडून मला याच बाबतीत मोठी आशा आहे. त्याच्या दोन रडारांपैकी एकाच्या लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या आहेत आणि त्या पानांच्या थरातून बऱ्याच खोलवर जातात.

हवा, पाऊस, आग

इथे गुंठ्याचं माप सोडावं लागतं, आणि अपेक्षाही बदलाव्या लागतात.

सेंटिनेल-५पी हा २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड मोजतो. त्याचा चौकोन काही किलोमीटरचा असतो, आणि तो जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या स्तंभातला वायू मोजतो. आपल्या नाकात काय जातं ते तो सांगत नाही. एका दिवसाचं चित्र पाहून निष्कर्ष काढू नये. पण काही महिन्यांची सरासरी घेतली की मोठी शहरं आणि कोळशावर चालणारी वीजकेंद्रं नकाशावर ठळक उमटतात. पावसाचा नासाचा आयमर्ग नावाचा संच दर अर्ध्या तासाचा असतो, पण त्याचा चौकोन सुमारे ११ किलोमीटरचा. त्यावरून खोऱ्यातल्या पावसाचा कल समजतो. आपल्या शेतात किती मिलिमीटर पडला हे त्याला विचारू नये. त्यासाठी पर्जन्यमापकच हवा.

आगीचा डेटा वापरायला सर्वांत सोपा, आणि त्याचा गैरअर्थही सर्वांत जास्त लावला जातो. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेल्या आगी ठिपक्यांच्या रूपात काही तासांत दिसतात. विर्स उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते. म्हणून ठिपका अमक्याच्या गटात पडला यावरून आग त्यानेच लावली असं म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पेटून विझलेला पाचटाचा जाळ दिसतच नाही. नकाशावर ठिपका नसला म्हणजे आग लागलीच नाही असं नव्हे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था याच प्रकारच्या माहितीवरून वन विभागांना वणव्याचे इशारे पाठवते, आणि तिथे पोचून खात्री करायचं काम वनरक्षकाच्या पायांनाच करावं लागतं.

आपल्याकडचे साठेही जरूर पाहावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. त्याच केंद्राच्या भूनिधीवर रिसोर्ससॅटसारख्या भारतीय उपग्रहांची चित्रं मिळतात. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मॉसडॅकवर इन्सॅटची हवामानविषयक माहिती असते. राज्याचं स्वतःचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. शिकायचं असेल तर डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात.

गुलाबी का झालं, हे कोणी सांगितलं?

लोणारचं पाणी कधी बदललं, केवढ्या भागात बदललं, हे वरून दिसलं. का बदललं हे वरून कळलं नाही. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी घटलं, क्षार वाढले आणि या जीवांना ते मानवलं. बाटलीत भरलेल्या त्या पाण्याशिवाय उपग्रहाची दोन्ही चित्रं एक कोडंच राहिली असती.

तुम्हीही तुमच्या जागेवर हेच करू शकता, आणि त्याला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. उपग्रह कुठल्या दिवशी येणार ते आधी कळतं. सेंटिनेल-२ आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास वरून जातो. फाइलच्या नावातली वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. त्या दिवशी त्या सुमारास काठावर जा. फोनवर अक्षांश-रेखांश टिपा, चार दिशांचे फोटो काढा, पाणी कुठवर आहे, शेवाळ आहे का, काठाला गवत आहे की चिखल, हे वहीत लिहा. नोंद घेण्यासाठी जागा निवडताना सभोवती निदान नऊ गुंठे तरी एकसारखे असतील अशी निवडा, कारण चित्रातला चौकोन प्रत्यक्ष जागेपासून थोडा सरकलेला असू शकतो. बांधावर उभं राहून घेतलेली नोंद निम्मी पाण्याच्या आणि निम्मी जमिनीच्या चौकोनात पडते आणि कशाशीच जुळत नाही.

लोणारसाठी पहिला अभ्यास म्हणून मी हे सुचवेन: २०१६ पासूनच्या प्रत्येक मे महिन्यातलं एक निरभ्र चित्र घ्या, पाण्याची कड हाताने आखा, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये लिहा. कडेची झाडी पाण्यावर झुकलेली असेल किंवा सावली आड आली असेल तिथे शेजारी तशी टीप लिहा. हे काम दोघांनी एकमेकांचं न बघता करावं. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक येईल, तेवढी तुमच्या मोजणीतली अनिश्चितता. वर्षावर्षांतला बदल त्या फरकापेक्षा मोठा असेल तरच तो बदल म्हणून मांडायचा. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि सरोवराचा परिसर अभयारण्य म्हणून वन विभागाकडे आहे. तारीख, उपग्रहाचं नाव, मोजण्याची पद्धत आणि अनिश्चितता लिहिलेला असा एक पानाचा तक्ता त्यांच्या कार्यालयात द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.